भाऊबीजेचं शिंकं

केवळरामच्या तोंडात पान नसायचं, विडी नसायची. दोऱ्याचं टोक असायचं. आसगावच्या तलावाच्या पाळीखाली मासेमारी करणाऱ्या ढिवरांची वस्ती होती. तिथल्या आपल्या घराच्या छपरीत तो खांबाला पाठ लावून बसायचा. उजव्या हातात बांबूची सुई, डाव्या हातात बोटभर रुंदीची बांबूची पट्टी. दोरा जिभेवरून ओढून ओला करायचा, पट्टीवरून फिरवायचा, गाठ मारायची आणि करकचून आवळायची. कोणी काही विचारलं तर तो दोरा दातांत धरूनच उत्तर द्यायचा, त्यामुळे त्याचं बोलणं ऐकणाऱ्याला दोनदा विचारून घ्यावं लागे. त्याची बायको देवकाबाई म्हणायची, "आमच्या लग्नात याईले भटजीनं नाव घ्याले लावलं, त मले आयकूच आलं नाही. मी कोनाच्या घरी आली हे मले दुसऱ्या दिवशी समजलं."

दोरा ओला करण्याची ही सवय त्याला बापाकडून लागली होती. बाप बुधराम म्हणायचा, "गाठीले पाणी पाज, मग ते तुले सोडत नाही." आणि ते खरंच होतं. अंबाडीचा दोरा कोरडा असला की हट्टी असतो, वाकायला तयार नसतो. ओला झाला की नरम पडतो, गाठीत खोल बसतो, फुगतो, आणि वाळला की शेजारच्या धाग्याला असा चिकटून आवळतो की ती गाठ मग दातांनीही सुटत नाही. बुधरामनं आयुष्यभर तशाच गाठी मारल्या. जाळ्याच्या मारल्या, आणि शिंक्याच्याही.

शिंक्याची गोष्ट अशी होती. बुधरामची बहीण सखाबाई लग्न होऊन सासरी गेली त्या वर्षी तलाव भरला नाही. मासळी नाही, शिंगाडा नाही. भाऊबीजेला बहीण येणार आणि ओवाळणीत घालायला लुगडं नाही. बुधरामनं कोणाच्या तरी धुऱ्यावरची अंबाडी मागून आणली, कुजवली, धुतली, वळली आणि एक शिंकं केलं. खाली जाळीची खोलगट झोळी, वर चार दोर, दोरांना कडी. घरात जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून घ्यायची पद्धत होती, तसंच शिंकंही उकळून घेतलं. ते तांबूस झालं, कडवट झालं. उंदीर दात लावणार नाही असं. ओवाळताना त्यानं मान खाली घालून ते ताटात ठेवलं.

सखाबाईनं ते डोक्यावर घेतलं आणि तशीच वस्तीभर फिरून आली. "माझ्या भावानं हातानं केलं," असं दारोदार सांगितलं. पुढच्या वर्षी तलाव भरला, बुधरामनं पवनीच्या बाजारातून लुगडं आणलं. सखाबाईनं ते उलगडून पाहिलं, नीट घडी घातली, मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "आन् माझं शिंकं?"

तेव्हापासून त्या घरात हा रिवाजच झाला. ओवाळणीत लुगडं असो नसो, शिंकं आधी.

बुधराम गेला तेव्हा केवळरामची धाकटी बहीण भागीरथा परकरातली पोर होती. आई त्याआधीच गेलेली. केवळराम तलावावर जायचा तेव्हा तिला पाळीवर बसवायचा, आणि जाळं दुरुस्त करायला बसला की शेजारी. तिच्या हातात पट्टी द्यायचा. हळूहळू तिनं सुईही घेतली. मग तो तिची गाठ दोन्ही हातांनी ताणून बघायचा. सुटली तर काही बोलायचा नाही, फक्त पुन्हा तिच्यासमोर ठेवायचा. नाही सुटली तरी काही बोलायचा नाही. पण त्या दिवशी माशाच्या रश्शातलं मुंडकं तिच्या ताटात यायचं. मुंडकं म्हणजे शाबासकी, हे दोघांनाच माहीत होतं.

चौऱ्याहत्तर साली भागीरथा साकोलीला दिली. जावई घनश्याम मोठ्या रस्त्याजवळच्या बाजारात मासळी विकायचा. माणूस शांत, घर कौलारू, खाऊन पिऊन सुखी. सासू रुखमिणी तेवढी तोंडानं तिखट. पहिल्याच भाऊबीजेला भागीरथा आसगावहून शिंकं घेऊन परत गेली तेव्हा सासूनं ते उलटं-सुलटं करून पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, "मासे धराचं जाळं देल्लं काय तुह्या भावानं?" पण दह्याचं मडकं दुसऱ्या दिवसापासून त्यातच राहायला लागलं.

केवळराम दरसाल शिंकं करायचा, पण दरसाल तेच करायचा नाही. पौषात अंबाडी कापायची, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या पाण्यात कुजवायची, वाख काढून वाळवायचा. चैत्रात ऊन तापलं की चिंचेखाली बसून लाकडी ढेरा गरगर फिरवत सुतळी वळायची. आणि मग थांबायचं, राखीपर्यंत. राखीला भागीरथा यायची, तेव्हा तो तिला काहीही विचारायचा नाही, नुसतं ऐकायचा. म्हैस घेतली म्हणाली, त्या वर्षी रुंद झोळीचं केलं. पोरगं रांगायला लागलं म्हणाली, त्या वर्षी दोर आखूड, म्हणजे मडकं पोराच्या हाताला लागू नये. मांजर फार सतावते म्हणाली, त्या वर्षी दोर लांब आणि मधे गुळगुळीत बांबूची नळी ओवलेली, मांजराचा पाय घसरावा म्हणून. दसऱ्यानंतर गाठी मारायला बसायचा आणि दिवाळीआधी साल उकळायचा. भागीरथाला कधी कळलं नाही की ह्याला आपल्या घरातलं एवढं कसं माहीत असतं.

ब्याऐंशी साली मच्छीमार सोसायटीत नायलॉनची जाळी आली. मशीनवर विणून आलेली, निळी, हलकी. सडणार नाहीत, वाळवायला नकोत. दुरुस्तीसाठी सोबत दोऱ्याची रिळं आली. केवळराम ते रीळ हातात घेऊन हरखून गेला. एवढा गुळगुळीत, एवढा सारखा दोरा त्याच्या हातातून जन्मात गेला नव्हता. त्या वर्षी पौषातली अंबाडी बोडीतच विसरली गेली. दिवाळीच्या तोंडावर त्यानं निळ्या दोऱ्याचं शिंकं दोन बैठकांत विणून टाकलं.

"येवढ्या लवकर झालं?" देवकाबाईनं विचारलं.

"नवा माल हाय," केवळराम दोरा दातांत धरून म्हणाला.

"काय म्हनलं?"

"नवा माल! साठ वर्स सडत नाही म्हणते."

निळं शिंकं बघायला सगळी वस्ती आली. भागीरथा तर हरखलीच. सखाबाई आत्या आता म्हातारी होऊन भावाच्या घरीच, म्हणजे केवळरामकडेच राहायला आली होती. तिनं शिंकं नाकाला लावलं आणि परत दिलं.

"याले वास नाही रे."

"कायचा वास, आत्याबाई?"

"सालीचा. आपल्या घरचा," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

पुढच्या आषाढात केवळराम पवनीच्या बाजारात झिंगे घेऊन बसला होता. साकोलीचे वासुदेवराव सुक्या मासळीचे व्यापारी. ते समोर येऊन उभे राहिले.

"केवळराम, तू साकोलीले गेलता काय?"

"नाही जी. काहून?"

"आता बापा! तुले मालूमच नाही? तुह्या बहिणीच्या सासूचा पाय मोडला न. लोणच्याची बरणी पडली. नवं लोणचं, काठोकाठ भरलेली. थेट पायावर."

"बरणी कशी पडली?"

वासुदेवराव जरा घुटमळले. मग म्हणाले, "शिंक्यात होती म्हणते. निळं शिंकं."

केवळरामनं झिंग्यांवर ओला फडका टाकला. मग विचारलं, "तुटलं काय जी?"

"नाही म्हणते. तुटलं नाही. उसवत गेलं."

तुटलं असतं तर त्याला एवढं लागलं नसतं. दोरा तुटणं हा दोऱ्याचा दोष. उसवलं म्हणजे गाठ सुटली. आणि गाठ त्याची होती.

घरी आला तसा त्यानं उरलेल्या निळ्या दोऱ्याचा एक लहानसा झोळा केला, त्यात दगड घातला आणि मयालीला, घराच्या आडव्या तुळईला, टांगला. दोन दिवस बघत राहिला. गाठी जागच्या जागी दिसत होत्या, पण जवळ जाऊन पाहिलं की दोरा त्यांच्यातून पाण्यातल्या सापासारखा हळूहळू सरकत होता. जाळं दुरुस्त करताना हे त्याच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. तिथे तो दोरा दुहेरी घेऊन जुन्या विणीत गुंतवायचा, आणि पाण्यातल्या जाळ्यावर असं रात्रंदिवस एका जागी वजन नसतंच. शिंक्यात वजन उतरत नाही. त्यानं दोरा जिभेवरून ओढला होता, दर गाठीला. आणि दोऱ्यानं थेंबसुद्धा घेतला नव्हता.

"हा पाणीच पीत नाही," तो देवकाबाईला म्हणाला. "मी येड्यावानी त्याले पाजत बसलो."

त्याच आठवड्यात तलावात चांगली मोठी मरळ लागली. ती ओल्या पोत्यात गुंडाळून केवळराम साकोलीला निघाला. पवनीला गाडी बदलली, दुपारी उतरला. भागीरथाचं घर रस्त्यावरून दिसायचं. घराच्या ओसरीत खाटेवर रुखमिणी बसली होती. पाय बांधलेला, उशीवर ठेवलेला. समोर सूप घेऊन डाळ निवडत होती आणि आत कोणावर तरी ओरडत होती. ते ओरडणं रस्त्यापर्यंत येत होतं. "अशी कशी मेली पडते! अशी कशी पडते!" कशाबद्दल होतं कोण जाणे. कदाचित सुपातली डाळच सांडली असेल.

केवळराम समोरच्या कडुनिंबाखाली थांबला. पाण्यात मगर दिसली असती तरी मागे न फिरणारा माणूस. पण बहिणीच्या सासूसमोर काय तोंड घेऊन उभं राहायचं ते त्याला सुचेना. तो बराच वेळ उभा राहिला, आणि संध्याकाळच्या गाडीनं मरळ घेऊन परत आला.

देवकाबाईनं पोतं उघडून पाहिलं. "मी म्हणतो, आसगावची मरळ साकोलीले फिराले नेली होती काय? तिले बाजार दाखवला काय?"

 मरळ शिजली. मुंडकं कोणी खाल्लं नाही.

त्यानंतर राखी आली आणि भागीरथा आली नाही. एक निरोपसुद्धा नाही. लग्न झाल्यापासून तिची एक राखी चुकली नव्हती. केवळरामचं उजवं मनगट त्या वर्षी मोकळं राहिलं आणि तो दिवसभर डाव्या हातानं ते चोळत फिरला. सासूनं येऊ दिलं नसेल, की तीच रागावली असेल? दोन्हींपैकी कुठलंही खरं असलं तरी आता भाऊबीजेलाही ती येणार नाही, आणि एकदा भाऊबीज चुकली की माहेरची वाट मोडते, ह्या विचारानं त्याची भूक गेली.

दसरा झाल्यावर देवकाबाईनं एक दिवस समजुतीनं सांगितलं, "हे पाहा जी. पवनीचं एक चांगलं लुगडं घ्या, जांभळ्या रंगाचं. ते आली त देऊन टाका, नाही आली त मी घेऊन जातो. आन् या वर्षी शिंक्याचं नाव नका काढू. ज्या घरात शिंक्यानं पाय मोडला, त्या घरात शिंकं देता काय?"

बोलणं खरं होतं. केवळराम मान डोलावत होता. कोपऱ्यात सखाबाई आत्या शिंगाडे सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"बरोबर हाय देवकाचं. लुगडं दे. लुगडं काही कोणाच्या पायावर पडत नाही."

"मंग?"

"मंग काय? तुह्या बापानं माझ्याखातर सुरू केलं होतं, तू बंद कर. मी काही सांगाले येत नाही. मी आता किती दिवसाची?" आणि तिनं एक शिंगाडा असा कचकन सोलला की देवकाबाईला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी केवळराम कामाला लागला. गेल्या पौषात अंबाडी त्यानं वेळेवर कापली होती, तिचा वाख घरात होता. पण उन्हाळाभर नायलॉनच्या नादात सुतळी वळलीच नव्हती. आता पंधरवड्यात वर्षाचं काम. तो चिंचेखाली ढेरा घेऊन बसला तो अंधार पडेपर्यंत उठेना. पण खरी अडचण निराळीच होती. राखीला भागीरथा आली नव्हती, म्हणजे तिच्या घरात काय चाललं आहे, ह्या वर्षी तिला काय हवं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दोर लांब की आखूड? झोळी रुंद की अरुंद? तो सुतळी मांडीवर घेऊन नुसता बसून राहायचा.

शेवटी त्यानं ठरवलं, ह्या वर्षी मापाचं नाही, भरवशाचं करायचं. सुतळी तिपेडी वळली. गाठी एकेक करून मारल्या, एकेकीला पाणी पाजलं. ऐनाची साल उकळली; आत्या त्या वासानं छपरीत येऊन बसली आणि दिवसभर हलली नाही. शिंकं वाळल्यावर केवळरामनं त्यात पाटा ठेवला आणि मयालीला टांगलं.

"आता मसाला कायच्यावर वाटू?" देवकाबाई म्हणाली.

पाटा दोन दिवस टिकला, तेव्हा त्यानं पाटा काढून जात्याची वरची तळी ठेवली. आता दळणही बंद. घरात येणारा-जाणारा त्या तळीला वळसा घालून जाई. शेजारणी दारातूनच बोलून परत जायच्या. आत्या म्हणाली, "येवढा भरवसा हाय त त्याच्याखाली बसून दाखव. म्हणजे मी मानतो."

आत्या मस्करीत म्हणाली होती. केवळरामला मस्करी कळायची नाही.

भाऊबीजेच्या दिवशी गावात मंडईची जत्रा होती. सकाळपासून तंबू उभे होत होते, रात्रीच्या दंडारीच्या खेळाची मंडळी ढोलकी चढवत होती. गावातल्या सगळ्या लेकी गाडी भरभरून उतरत होत्या. केवळराम सकाळची गाडी बघून आला, रिकाम्या हातानं. मग त्यानं अंघोळ केली, धोतर नेसला, पाट घेतला आणि मयालीला टांगलेल्या तळीच्या बरोबर खाली मांडला. त्यावर जाऊन बसला.

"हे काय?" देवकाबाई किंचाळली.

"ते आली त इथीच ओवाळन. शिंकं पडत नाही हे तिले दिसलं पाहिजे."

"आन् पडलं त?"

"पडत नाही."

"आन् ते आलीच नाही त?"

 तो पाटावर तसाच बसून राहिला.

दुपारच्या गाडीचा आवाज आला, गेला. बऱ्याच वेळानं, गाडीतून उतरलेल्यांना घरी पोचायला लागतो त्याच्या तिप्पट वेळानं, अंगणात काठीची टकटक ऐकू आली. पुढे भागीरथा, एका हातात थैली, दुसऱ्या हातानं सासूला धरलेलं. रुखमिणी एकेक पाऊल मोजून टाकत होती आणि प्रत्येक पावलाला रस्त्याला, एसटीला आणि आसगावला नाव ठेवत होती.

देवकाबाई पाय धुवायला पाणी घेऊन धावली. केवळरामला उठून पाया पडायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण उठलो तर पुन्हा इथे बसू देणार नाहीत, हेही कळत होतं. तो बसल्या जागीच हात जोडून राहिला.

रुखमिणी दारात उभी राहून म्हणाली, "कोठी हाय तो? ज्याच्या हातानं माझा पाय मोडला, तो हात पाहाले आली मी." मग तिचे डोळे घरातल्या अंधाराला सरावले. तिनं पाटावरच्या केवळरामला पाहिलं, मग वर पाहिलं. "अवो माय! हे काय टांगून राहिलं त्याच्या डोक्यावर?"

"तळी हाय, मावशी," केवळराम म्हणाला. "जात्याची. पडत नाही. भागी, ओवाळ."

भागीरथाच्या हातातली थैली खाली आली. "दादा, आंधी बाजूले सरक."

"नाही. तू ओवाळ."

"मी नाही ओवाळत असं. येडा झाला काय तू? सरक म्हणतो न!"

"गाठ माझी हाय. सुटली त माझ्यावर सुटन. दुसऱ्याच्या पायावर काहून?"

 बाहेर ढोलकीवर कोणीतरी थाप मारून बघत होतं. सगळ्यात आधी रुखमिणीच बोलली. "काढा रे कोनी त्याले तिथून. माझा पाय गेला तेवढा पुरे. आता याचं टाळकं गेलं त लोक म्हणतीन, म्हातारीनं बदला घेतला."

आत्या कोपऱ्यात पदर तोंडाला लावून हसायला लागली. पण केवळराम हलला नाही. त्यानं बहिणीकडे बघून एवढंच विचारलं, "राखीले काहून नाही आली?"

"कशी येऊ? मावशीची खाट कोण उचलन? याईले सकाळी ओसरीत न्याचं, सांजच्याले आत आणाचं. हे त दुकानात. राखी मी पाठवली होती, त्या वासुदेवरावाजवळ. देल्ली नाही काय त्यानं?"

"नाही."

"मंग ते त्याच्या सुक्या झिंग्यात गेली असन," भागीरथा म्हणाली. "आन् तुले काय वाटलं? मी रागावली?"

केवळराम डाव्या हातानं मनगट चोळायला लागला.

भागीरथानं मग थैलीत हात घातला. "हे पाह्य," म्हणून तिनं जे काढलं ते निळं होतं. तेच शिंकं. केवळरामनं ते ओळखलं आणि मान फिरवली. पण भागीरथानं ते त्याच्या मांडीवर टाकलं. "पाह्य त खरं. कडी तुही हाय, दोर तुहे हायेत. झोळी मी सगळी उकलली आन् नव्यानं केली. तीन खेपा केली. दोन खेपा सटकली. मंग मी गाठ एकदा मारून त्याच्यावरच पुन्हा मारली, उलटी. मावशीनं त्याच्यात आपली बरणी ठेवू देल्ली नाही, म्हणून दगड ठेवला. नागपंचमीपासून टांगली होती. सरकली नाही."

केवळरामनं शिंकं बोटांत घेतलं. एक गाठ चाचपली. तिथे उजेड पुरेना. तो उठला आणि दाराकडे गेला, उजेडात. दोन्ही हातांनी गाठ ताणली. मग दुसरी. मग दोर दाराच्या कडीत अडकवून अंगाचा भार टाकून ओढला. त्याच्या मागे देवकाबाईनं गुपचूप पाट उचलला आणि भिंतीशी नेऊन मांडला.

"कोनी शिकवलं?" केवळरामनं विचारलं.

"गाठ तू शिकवली. दोनदा माराची, ते मावशीच्या पायानं शिकवलं."

"शिकवा, शिकवा," रुखमिणी खाटेवर टेकत म्हणाली. "अजून एक पाय हाय माझा."

केवळराम भिंतीशी मांडलेल्या पाटावर येऊन बसला. जागा बदलली आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही. निळं शिंकं त्याच्या हातातच होतं. भागीरथानं त्याला कुंकू लावलं, राहिलेल्या राखीचा दोरा मनगटाला बांधला, ओवाळलं. देवकाबाईनं तळी उतरवली आणि तांबडं शिंकं ताटात ठेवलं. भागीरथानं ते उचलून आधी नाकाला लावलं. मग आत्याकडे बघितलं. आत्यानं मान डोलावली.

"रुंद पाहिजे होतं काय?" केवळरामनं विचारलं. "मले या वर्षी काही मालूम नव्हतं."

"जसं हाय तसंच पाहिजे होतं. आन् हे निळं तुह्या घरी टांग. मी केलं हाय. तुले कोनी कधी देल्लं काय?"

तेव्हापासून त्या घरात भाऊबीजेला शिंकी दोन्हीकडून होऊ लागली. तो अंबाडीचं करायचा, ती नायलॉनचं.

त्या दिवशी जेवणं झाली. रश्शातलं मुंडकं केवळरामनं बहिणीच्या ताटात वाढलं. रुखमिणीनं ते बघितलं, पण विचारलं नाही. जेवल्यावर सगळे मंडईला निघाले. आत्यासुद्धा देवकाबाईच्या खांद्याचा आधार घेऊन निघाली. रुखमिणीला तेवढं चालवणार नव्हतं. पाहुणीला एकटं कसं ठेवायचं म्हणून केवळराम घरी राहिला. छपरीत ती खाटेवर, तो खांबाशी. दूरवरून झुल्याची करकर आणि पिपाण्या ऐकू येत होत्या. 

शेवटी केवळराम उठला. एकदाचं पाया पडायचं राहिलं होतं, ते पडला. "मावशी, माझी चूक झाली."

रुखमिणीनं त्याच्या हातांकडे बघितलं. जाळ्याच्या दोरांनी बोटांना पडलेल्या खाचा, सालीनं तांबडी झालेली नखं. "मले भाऊ होता," ती म्हणाली. "लहानपणीच गेला. मंग मले कोनं भाऊबीज देल्ली? दहा वर्स झाली, तुह्या बहिणीचं शिंकं दरसाल माझ्या घरात येते. मी त्याले जाळं म्हणतो, आन् माझं दही त्याच्यातच ठेवतो."  काठी खाटेला टेकवली. "पाय त मोडला. त्याचं काय देतं?"

केवळरामला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. तो आत गेला, उरलेल्या सुतळीचा गुंडा आणला, सुई भरली. पट्टी घेऊन बसायला लागला, तेवढ्यात म्हातारीनं हात पुढे केला.

"ते आण इकडे. धराले त येते मले."

त्यानं पट्टी तिच्या हातात दिली. कशी धरायची ते एकदा दाखवलं. मग सुतळीचं टोक तोंडात घेतलं, जिभेवरून ओढलं, आणि दोरा दातांत धरूनच काहीतरी विचारलं.

"काय म्हनलास?" रुखमिणी म्हणाली.

केवळरामनं दोरा तोंडातून काढला. "म्हनलं, दह्याचं मडकं केवढं हाय तुमचं?"

रुखमिणीनं पट्टी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी माप दाखवलं.